साडेएकोणचाळीस टन

नऊ वर्षं मी एका रणगाड्याचा चालक होतो. तो रणगाडा कधी बनला नाही, आणि ज्या देशासाठी तो होता तो देश कुठल्याच नकाशावर नाही. दोन्ही आमच्या सरांचे. हर्सूलला त्यांच्या घरी, वरच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात, हिरव्या फायलींमध्ये तो देश नांदत होता.

हे सांगितलं की लोक हसतात. एके काळी मीही लोकांनी हसावं म्हणूनच सांगायचो.

सर म्हणजे आमच्या कंपनीतल्या ड्रॉइंग विभागाचे प्रमुख. चिकलठाण्याच्या जुन्या एमआयडीसीत आमची कंपनी, ट्रक-बसच्या दारांची कुलपं आणि बिजागऱ्या बनवणारी. मी करमाडच्या पलीकडच्या एका खेड्यातून डिप्लोमा करून आलेला. मुलाखतीला सरांनी एक ड्रॉइंग माझ्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "यात काय चुकलंय सांग."

मी पंधरा मिनिटं बघत होतो. मापं बरोबर होती, रेघा बरोबर होत्या.

"काही नाय चुकलं सर."

"हा स्क्रू ढिला झाला तर पाना कुठून घालशील?"

मी पुन्हा बघितलं. खरंच, कुठूनच जात नव्हता.

"पान्याला जागा ठेवत जा," सर म्हणाले. "ड्रॉइंग काढणारा एकदा काढतो न् घरी जातो. दुरुस्त करणारा जन्मभर शिव्या घालतो." मग त्यांनी एकदम विचारलं, "उंची किती तुझी?"

"पाच तीन."

सरांचा चेहरा उजळला. मला वाटलं, माझ्या बुटकेपणाला हसतायत, नोकरी गेली. पण नोकरी लागली. उंचीचं कारण सहा महिन्यांनी कळलं.

सरांच्या शर्टाच्या खिशात सहा इंची स्टीलची पट्टी असायची, आणि ती कशालाही लागायची. चहाच्या टपरीवर ग्लासाची जाडी मोजायचे. लग्नात पंगतीला बसले की दोन पाटांमधलं अंतर मोजायचे आणि म्हणायचे, "वाढपी अडकणार." वाढपी अडकायचाच. लिफ्टमध्ये कधी चढले नाहीत. "आतून उघडता येत नाही ते यंत्र मला नको," म्हणायचे आणि चार मजले पायी चढायचे. बोलणं हळू, एकेक शब्द तपासून ठेवल्यासारखं. घराण्यात तीन पिढ्या कचेरीत कारकुनी झालेली. निजामाच्या काळात त्यांचे पणजोबा म्हणे मोडी आणि उर्दू दोन्हींत दप्तर लिहायचे. दप्तर नीट ठेवायचं वळण सरांना तिथूनच आलं असावं.

सहा महिन्यांनी एका रविवारी त्यांनी मला घरी जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर वरच्या खोलीत नेलं, कपाट उघडलं आणि म्हणाले, "हा आपला देश."

देशाचं नाव त्रिसीमा. तिन्ही बाजूंना तीन बलाढ्य शेजारी. उत्तरेला डोंगर, मधून एक नदी, नदीवर एक जुना रेल्वेपूल. पूल क्रमांक सत्तावीस. या पुलावरून चाळीस टनांपेक्षा जड काही नेता येणार नाही असं तिथल्या रेल्वेखात्यानं लेखी कळवलेलं होतं. ते पत्र फायलीत होतं, लाल शाईत, तिरक्या अक्षरात. त्यामुळं त्रिसीमाच्या रणगाड्याचं वजन साडेएकोणचाळीस टन. त्याचं नाव साळिंदर.

"साळिंदर का सर?"

"ते कुणाच्या अंगावर जात नाही. पण वाघसुद्धा त्याच्या वाटेला जायच्या आधी दोनदा विचार करतो."

पॉलिटेक्निकला असताना सरांनी साळिंदर-एक काढला होता. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. मी आलो तेव्हा साळिंदर-तीनचं काम चालू होतं. एखाद्याला वाटेल, मनातला देश आहे तर खुशाल नवा कोरा रणगाडा काढावा. सरांना ते मंजूर नव्हतं. त्रिसीमा गरीब. जुने रणगाडे भंगारात टाकणं तिला परवडत नाही. त्यामुळं आहे तोच सांगाडा सुधारायचा. जुनी तोफ काढून मोठी बसवायची, रात्री दिसायची दुर्बीण घालायची, नेम धरणारा संगणक बसवायचा, बाहेरून चिलखताच्या नव्या पाट्या ठोकायच्या. आणि प्रत्येक वेळी पूल क्रमांक सत्तावीस आडवा. चिलखतात दीडशे किलो वाढले की दुसरीकडून दीडशे किलो काढायचे. एका हिवाळ्यात सरांनी फक्त बोल्ट हलके केले.

सगळी खाती तेच चालवायचे. सैन्याचं मागणीपत्र काळ्या शाईत, कारखान्याचा खुलासा निळ्या, रेल्वेचा लाल. एकदा मी विचारलं, "सर, नव्या इंजिनाचं काय झालं?"

"रेल्वेकडून उत्तर आलं नाही अजून."

"पण रेल्वे तर तुम्हीच ना?"

"म्हणून काय लगेच उत्तर द्यायचं?" सर म्हणाले. "सरकारी खातं आहे ते."

आणि खरंच, पाच आठवडे त्यांनी त्या कागदाला हात लावला नाही.

युद्ध कधीच झालं नाही त्या देशात. मी एकदा म्हणालो, "सर, एवढं करताय तर एक युद्ध होऊन जाऊ द्या की." सर दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी ड्रॉइंग बोर्डावरून मान वर न करता म्हणाले, "तू चालक आहेस. तुला कशाला घाई?"

साळिंदरमध्ये चार माणसं. कमांडर, तोफची, गोळा भरणारा आणि चालक. सरांना खरी काळजी चालकाची होती. तो पुढं, खाली, जवळजवळ झोपून बसतो. त्याच्या डोक्यावर बाहेर पडायचं झाकण असतं, पण वरची तोफ नेमकी त्या झाकणावर आली आणि तिथंच अडकली, तर झाकण उघडत नाही. आग लागली तर माणूस आत. सर म्हणायचे, "तिघं सुटतात आणि चौथा राहतो. असा रणगाडा मी सही करून देणार नाही." म्हणून चालकाची पाठ मागं पाडायची आणि त्याला मागच्या भागातून बाहेर काढायचं, अशी सोय ते करत होते. त्यासाठी त्यांना पाच फूट तीन इंचाचा माणूस हवा होता.

गच्चीवर त्यांनी प्लायवूडचा सांगाडा उभा केला होता. आत एक जुनी आरामखुर्ची, पुढं दोन सायकलचे हँडल. मे महिन्यात, भर दुपारी, मी अंगात दोन स्वेटर, डोक्यात माकडटोपी घालून त्यात पडून राहायचो, कारण चालकाच्या अंगावर जाड कपडे असतात. सर स्टॉपवॉच घेऊन बाजूला. ते टेबलावर स्केल आपटायचे, म्हणजे आग लागली. मग मी खटका ओढायचा, पाठीवर पडायचं, कोपरांवर सरकत मागून निघायचं.

खालून काकू ओरडायच्या, "सुटला का तो?"

"चौदा सेकंद," सर ओरडायचे.

"मग अजून एकदा करा, तोवर चहा होतोय."

काकू म्हणजे सरांच्या पत्नी. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्या रणगाड्याविषयी कधी काही विचारायच्या नाहीत, पण गच्चीवरचं प्लायवूड पावसात भिजू नये म्हणून प्लास्टिक त्याच टाकायच्या. आम्ही अकरा सेकंदांवर आलो त्या दिवशी सरांनी बैठकीचा वृत्तांत लिहिला आणि माझी सही घेतली. 'चालकाचा अभिप्राय' असा रकाना होता. मी लिहिलं, 'समाधानकारक.' सरांनी ते खोडायला लावलं. "कोपर कुठं घासतं ते लिही."

मी लिहिलं. कोपर कुठं घासतं याच्यावर त्यांनी पुढचे तीन महिने काढले. त्या तीन महिन्यांत मी जे शिकलो, त्यावर माझी आजवरची नोकरी चालली आहे.

कंपनीत ही गोष्ट हळूहळू फुटली. मीच कुणाला तरी सांगितली असणार. आधी सरांना पाठीमागं 'जनरल' म्हणू लागले, मग मला 'ड्रायव्हर'. टूलरूममधला शकील माझा दोस्त, तो लाडानं म्हणायचा, "क्या रे ड्रायवर, गाडी किदर लगाया?" त्याचं मला काही वाटायचं नाही. पण मग पुण्याहून नवे जनरल मॅनेजर आले. शेंद्र्याला नवा कारखाना निघणार होता आणि तिथल्या डिझाइनसाठी माणसं निवडायची होती. एक दिवस कँटीनमध्ये ते ताट घेऊन माझ्यासमोर बसले.

"तुम्हीच का ते? रणगाडेवाले?"

आजूबाजूचे हसले. माझे कान तापले.

"नाय सर, ते आमचे साहेब. मी आपलं... जातो कधी तरी जेवायला."

हे माझं पहिलं नाकारणं. एवढं छोटं वाक्य. जेवायला जातो म्हणालो.

त्याच वर्षी सर निवृत्त होणार होते. निरोपाच्या कार्यक्रमात बोलायला मॅनेजरांनी मला सांगितलं. "तुम्ही जवळचे त्यांच्या. फक्त जरा हलकंफुलकं ठेवा. रडारड नको. ते रणगाड्याचं घ्या की, लोकांना आवडेल." आणि पाठीवर थाप मारून गेले. शेंद्र्याची यादी त्यांच्याच टेबलावर होती.

मी सरांकडं गेलो. "सर, निरोपाला साळिंदर दाखवायचा म्हणतात. पडद्यावर."

त्यांचा विश्वासच बसेना. "कोण म्हणतं?"

"जीएम साहेब."

दोन रविवार त्यांनी कपाट उपसलं. सत्तर-ऐंशी तक्त्यांतून अकरा निवडले. पेन्सिलीनं पुसट झालेल्या रेघा पुन्हा गिरवल्या. तक्ते गुंडाळून मला देताना सोबत एक कागद दिला, मी कसं बोलावं याचे मुद्दे लिहिलेला. पहिला मुद्दा: 'लोकांना आधी पूल दाखव, म्हणजे वजन कळेल.'

तो कागद मी खिशात ठेवला आणि बोलायला उभा राहिलो तेव्हा काढलाच नाही.

जालना रोडवरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम होता. लोक घरच्यांना घेऊन आलेले, दोन-अडीचशे माणूस. सर स्टेजवर, गळ्यात हार. काकू तिसऱ्या रांगेत, नवी जांभळी साडी नेसून. मी माईक हातात घेतला.

मी वाईट बोललो असतो तर बरं झालं असतं. मी फार चांगलं बोललो. म्हणालो, आपल्या सरांनी चाळीस वर्षं एका देशाचं संरक्षण केलं आणि या कंपनीत कुणाला पत्ता लागला नाही. पडद्यावर पहिला तक्ता आला. मी म्हणालो, या देशाचे संरक्षणमंत्री सर, रेल्वेमंत्री सर, आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. हशा. मे महिन्यातल्या स्वेटरचं सांगितलं, माकडटोपीचं सांगितलं, आरामखुर्चीतून कसा सरपटत निघायचो ते स्टेजवर वाकून करून दाखवलं. लोक डोळे पुसत होते. मग म्हणालो, "हा देश आहे कुठं? हर्सूल जेलच्या जवळ. म्हणजे वेळ आली तर अख्खं मंत्रिमंडळ हलवायला रिक्षासुद्धा लागणार नाही." मॅनेजर टाळ्या वाजवत खुर्चीत मागं रेलले.

"आणि रणगाडा केवढा?" मी शेवटी म्हणालो. "पंचेचाळीस टन! प्लायवूडचा!"

सगळा हॉल हसत होता. सरही हसत होते, पण जरा उशिरा, इतरांकडं बघून. त्यांना वाटत होतं की ही सुरुवात आहे, माहिती पुढं येणार आहे. मी 'धन्यवाद' म्हणून खाली बसलो तेव्हा ते पडद्याकडं बघत राहिले. अकरापैकी तीनच तक्ते दाखवून झाले होते.

मग त्यांना बोलायला सांगितलं. त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, शिपायापासून नावं घेऊन. मग म्हणाले, "एक दुरुस्ती आहे. वजन पंचेचाळीस नाही. साडेएकोणचाळीस टन."

हॉल फुटला. मी कधी ऐकला नव्हता असा हशा. सर थांबले. बैठकीत कुणी मध्येच बोललं की ते जसे थांबायचे तसे. आवाज जरा कमी झाल्यावर शांतपणे म्हणाले, "कारण पंचेचाळीस असता तर पुलावरून गेला नसता."

पुन्हा हशा. मागून कुणीतरी ओरडलं, "जनरल साहब जिंदाबाद!" सरांनी पुलाबद्दल आणखी एक वाक्य सुरू केलं आणि मध्येच त्यांना कळलं. कळलेलं मला दिसलं. त्यांनी समोरच्या रांगांवरून एकदा नजर फिरवली, अगदी हळू, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग म्हणाले, "असो. जेवण गार होतंय."

हात धुवायच्या नळाशी शकील भेटला. तो हसला नव्हता, ते मी स्टेजवरूनच पाहिलं होतं. टॉवेलला हात पुसत म्हणाला, "तूने अच्छा नई करा रे." आणि ताट न घेता निघून गेला.

सरांनी मात्र मला जवळ बोलावलं, पानावर बसवलं. तक्ते गुंडाळून परत देताना मी काही पुटपुटलो. ते म्हणाले, "छान बोललास. आवाज स्वच्छ आहे तुझा."

आठवड्याभरात शेंद्र्याच्या यादीत माझं नाव आलं.

मी दोन महिने हर्सूलला गेलो नाही. नवीन काम, जायला-यायला लांब, अशी कारणं होती आणि सगळी खरी होती. शेवटी एका रविवारी गेलो. सर गॅसचं सिलिंडर आणायला गेले होते, काकू एकट्याच. मी पाय मोकळे करायला म्हणून गच्चीवर गेलो. सांगाडा नव्हता. पाण्याच्या टाकीवर प्लायवूडचं झाकण होतं, कडेला अर्धवट पुसलेली 'चालक – उजवी बाजू' ही अक्षरं. आमच्या शहरात पाणी आठ-आठ दिवसांनी येतं. टाकीला झाकण लागतंच.

खाली आलो तर काकूंनी एक हिरवी फाइल काढून ठेवली होती. शेवटचं पान उघडून माझ्यापुढं धरलं. "हे त्यांनी त्याच आठवड्यात लिहिलंय. मला दाखवलं नाही. मी झाडताना बघितलं."

काळ्या शाईत होतं. साळिंदर-तीनचं काम थांबवण्यात येत आहे. त्याखाली: 'चालकाने सेवा सोडली. सेवाकाळ नऊ वर्षे. वर्तणूक उत्तम.'

मी फाइल मिटली. काकू समोर वेताच्या मोढ्यावर बसल्या. मला वाटलं, आता बोलतील मला, आणि त्यांनी बोलावं असंही वाटलं. पण त्या म्हणाल्या, "मी पण हसले रे."

"काकू..."

"सगळे हसत होते. तू ते सरपटून दाखवलंस ना, मला आवरेना. तोंडाला पदर लावला, तरी आवरेना. आणि मग त्यांनी ते वजनाचं सांगितलं तेव्हाही." त्यांनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "घरी आल्यावर त्यांनी विचारलं, तू कुठं बसली होतीस? मी म्हणाले, मी तेव्हा पाणी प्यायला बाहेर गेले होते. चाळीस वर्षांत खोटं बोलले नव्हते मी त्यांच्याशी. तू सांगू नकोस हं त्यांना."

"नाय सांगत."

तेवढ्यात सर सिलिंडर घेऊन आले. मी पुढं होऊन उचलायला लागलो. आम्ही चहा घेतला. त्यांनी शेंद्र्याच्या कारखान्याबद्दल विचारलं, दारांची कुलपं आता सेन्सरवर चालतात हे ऐकून म्हणाले, "सेन्सर गेला तर आतून उघडतं ना? बघ बाबा तेवढं." मी माफी मागायची ठरवून गेलो होतो. मागितली नाही. त्यांनी विषय काढला नाही, मीही काढला नाही, आणि तसाच निघून आलो.

पुढच्या सहा वर्षांत मी तिथं चार-पाच वेळा गेलो असेन. दिवाळीला, एकदा सरांच्या मोतीबिंदूच्या वेळी. दर वेळी काकू माझ्याकडं एकदा बघून घ्यायच्या आणि मी मान हलवायचो, म्हणजे सांगितलं नाही. दर वेळी त्या दोघांमध्ये काहीतरी ठेवलेलं आहे आणि दोघं त्याला वळसा घालून चालतायत असं मला वाटायचं. सर आता वरच्या खोलीत जात नव्हते. काकू त्यांना म्हणायच्या, "अहो, काढा की ती तुमची ड्रॉइंगं." ते म्हणायचे, "बघू." ती जांभळी साडी काकूंनी पुन्हा नेसलेली मी पाहिली नाही.

मध्यंतरी शहराचं नाव बदललं, पाट्या बदलल्या, माझी बढती झाली, मी सिडकोत फ्लॅट घेतला. मग मागच्या वर्षी एके सकाळी सरांचा फोन आला. काकू गेल्या होत्या. झोपेतच. तेराव्याला घरी चार माणसं जमतील, असं म्हणाले.

"तू दोन शब्द बोल. तू छान बोलतोस."

त्यांच्या आवाजात टोमणा असता तर मी तो घेतला असता. नव्हता.

तेराव्याला पुढच्या खोलीत पंधरा-वीस माणसं होती. नातेवाईक, गल्लीतले, कंपनीतले दोघं-तिघं, त्यांत शकील. मी उभा राहिलो. म्हणालो, काकू मला मे महिन्यात गच्चीवर चहा द्यायच्या, आणि त्याआधी खालून विचारायच्या, सुटला का तो. दोन-तीन बायका हलकंसं हसल्या, डोळे पुसता पुसता. तो आवाज ऐकला आणि मला पुढचं काही सुचेना. मी हात जोडून खाली बसलो.

लोक उठल्यावर सर मला अंगणात घेऊन आले. मोतीबिंदूनंतर ते चष्म्यातून जरा डोकं मागं करून बघतात, तसं बघत म्हणाले, "थोडक्यात आटपलंस."

"सर, त्या दिवशी मी..."

"कुठल्या?"

"निरोपाच्या. मी चुकलो. जाणूनबुजून केलं मी ते. शेंद्र्यासाठी केलं."

एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली. सरांनी हात हलवला, माशी वारावी तसा. "ते मला माहीत होतं रे. तुला जायचं होतं. जायलाच हवं होतं." मग ते अंगणातल्या दोरीकडं बघत राहिले. दोरीवर काही नव्हतं.

"ती हसली होती त्या दिवशी," सर म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं.

"मला म्हणाली, पाणी प्यायला बाहेर गेले होते. मी बरं म्हणालो. पण स्टेजवरून सगळं दिसतं. तिसरी रांग. तोंडाला पदर लावून हसत होती. लग्न झालं तेव्हा हसायची तशी. छान दिसत होती. त्याच्यानंतर कधी तशी हसली नाही. आपल्याला वाईट वाटलंय हे तिला कळू नये म्हणून मी कधी विषय काढला नाही. आणि मला वाईट वाटलं ते तुम्हां लोकांचं. तिच्या हसण्याचं नाही. ते तिला सांगायचं राहिलं."

मला तेव्हा गप्प बसता आलं असतं. बसायला हवं होतं की नाही, मला अजून ठरवता येत नाही.

"काकूंनी मला सांगितलं होतं सर. त्या हसल्या ते. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या."

"कधी?"

"मी पहिल्यांदा आलो तेव्हा. तुम्ही सिलिंडर आणायला गेला होतात."

सरांनी मनात हिशेब केला. मी त्यांना नऊ वर्षं बोर्डापुढं बघितलेलं आहे, ते हिशेब करतात तेव्हा ओठ किंचित हलतात. "सहा वर्षं," ते म्हणाले. मग विचारलं, "तिला फार लागलं होतं का ते?"

"व्हय सर. फार."

"मग तू मला का नाही सांगितलंस?"

त्यांनी आजवर मला कधी जाब विचारला नव्हता. आताही आवाज चढला नव्हता. ड्रॉइंगमधलं एखादं माप का सुटलं, हे विचारावं तसं विचारलं.

मला उत्तर माहीत होतं. काकू हसल्या हे सहा वर्षांपूर्वी खुद्द त्यांच्याच तोंडून ऐकलं तेव्हा मला हलकं वाटलं होतं. तिथंच, मोढ्यासमोर बसून. खुद्द बायकोच हसली, तर मग माझं एकट्याचं काय, असं मनात आलं होतं. ते मी जपून ठेवलं. रात्री झोप आली नाही की तेच काढून बघायचो. सरांना सांगितलं असतं तर ते दोघं एका दिवसात मोकळे झाले असते, आणि मी पुन्हा एकटा उरलो असतो. म्हणून मी दर दिवाळीला जात राहिलो आणि मान हलवत राहिलो.

"त्यांना शब्द दिला होता," मी म्हणालो.

सरांनी माझ्याकडं बघितलं. मग मान डोलावली.

"शब्द दिला असेल तर मग बरोबर आहे तुझं," ते म्हणाले, आणि मला सोडायला फाटकापर्यंत आले.